आवाज गिळणारी पेटी

दसरा झाला की आमच्याकडे हवेला पेंढ्याचा वास यायला लागतो. टोकावड्याच्या अलीकडे एसटीतून उतरलं की रस्त्याच्या दोन्ही अंगाला भात पिवळं पडलेलं असतं, आणि मध्येच कुठे कापलेला एखादा चौकोन, न्हाव्यानं डोकं अर्धवट सोडून चहाला जावं तसा. यंदाही तो वास आला. पत्रकांचा गठ्ठा बगलेत घेऊन मी उतरलो आणि वास नाकात गेल्याबरोबर मान खाली गेली. लोकांना या वासानं घर आठवत असेल. मला गेल्या कापणीतली एक दुपार आठवते, आणि त्या दुपारी माझ्या ओटीवरून निघणारा आवाज.

मी आवाजाच्या विरोधातला माणूस आहे. तालुक्यात बऱ्याच जणांना हे माहीत आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते खुपतं. मिरवणुकीत ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर रचून जे लोक गावाची छाती हादरवतात, त्यांच्याविरुद्ध आम्ही पाच-सहा जण पत्रकं काढतो आणि मुरबाडच्या एसटी स्टँडवर उभे राहून वाटतो. लिहायचं काम माझं. मला सौम्य लिहिता येत नाही. ‘हा उत्सव नाही, ही दादागिरी आहे!’ ‘आजारी माणसाच्या उशाशी नाचायचा परवाना तुम्हाला दिला कोणी?’ आणि तळाशी, ठळक अक्षरांत, दर वर्षी तीच ओळ: ‘बटण तुमच्या हातात आहे. आवाज आत्ता कमी करा.’ ‘आत्ता’खाली मी रेघ मारून घ्यायचो. छापखानेवाला म्हणायचा, रेघेनं शाई पसरते. मी म्हणायचो, पसरू दे.

आणि माझ्या ओटीच्या कोपऱ्यात गिटारचा अॅम्प्लिफायर होता.

शहापूरचा रूपेश माझा कॉलेजातला मित्र. आसनगावहून लोकलनं कामाला जातो आणि लग्नसराईत वाद्यवृंदात गिटार वाजवतो. त्याच्याकडून मी तो घेतला. साधासुधा नाही, जुन्या रेडिओत असायचे तसल्या व्हॉल्व्हचा. टेम्पोत मागे बसून, खड्डा आला की पोटाशी धरून तो घरी आणला. मागची जाळी काढली की काचेच्या नळ्या दिसतात, आणि चालू केला की त्या हळूहळू नारिंगी होतात. शेजारची चांगुणाकाकी पहिल्यांदा बघायला आली तेव्हा वाकून म्हणाली, “ह्यात निखारं ठेवलेत का रे, निल्या?”

व्हॉल्व्हच्या अॅम्पची एक खोड असते. हळू वाजवला की तो सपक लागतो. बटण सातच्या पुढे गेलं की आवाजाला पापुद्रा सुटतो, कडेला जरासा करपतो, तव्यावरच्या भाकरीसारखा. तेवढ्या करपण्यासाठीच माणसं हा डबा घेतात. पण माझा डबा तीस वॅटचा. सातवर फळीवरचे डबे थरथरायचे, आई उठून परसात जायची आणि आमची कोंबडी घरात यायचं नाव घ्यायची नाही. मला ते दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं.

आता हाळीबद्दल सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते कळणार नाही. आमची शेतं पाड्याच्या खाली, खोलगटात. तिथे मोबाइलला रेंज येत नाही. कापणीच्या दिवसांत सगळा पाडा खाली असतो आणि वर घरात एक माणूस ठेवायचा, हाळीला. खालून कोणी नाव घेऊन लांब हाळी मारली की त्यानं ऐकायची, उलट हाळी द्यायची आणि काय हवं ते घेऊन पळायचं. पाणी, दोरी, विळा, कुणाला काही चावलं तर पुढची धावपळ. काम काहीच नाही, फक्त ऐकत बसायचं. पण ज्याला हाळीला बसवतात त्याच्या कानावर सगळा पाडा विसंबून असतो. गेल्या वर्षी हे काम माझ्याकडे आलं, कारण पत्रक लिहायचंय असं सांगून मी विळा हातात घेतला नव्हता. आई म्हणाली, “बसायचाच हायेस ना घरी, मंग हाळीला बस.”

कापणी सुरू व्हायच्या आधीच काकीनं मला टोकलं होतं. अंगणात उभी राहून, कमरेवर हात ठेवून.

“निल्या, ह्ये तुझं दिवसभर चालू असतं. खालून हाळी मारली तर आयकाया येल का रे?”

“काकी, मशीन मागवतोय. आवाज गिळायची पेटी असते एक.”

“आवाज गिळाया पेटी कशाला? त्या डब्याला बटान नाय का?”

“बटण हाय गो. पण बटण कमी केलं की आवाजाचा जीव जातो.”

“अगो बाय! म्हंजे डब्याचा जीव ऱ्हायाला पायजे, आमच्या कानाचा गेला तरी चालंल.” ती हसली. मीही हसलो. “किती दिवसांत येल ती पेटी?”

“पंधरा दिवस.”

“कापणीच्या आत बघ.”

ती पेटी खरीच असते. अॅटेन्युएटर म्हणतात. अॅम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये ती जोडायची. अॅम्प आपला पूर्ण जोरात राबतो, पेटी त्यातली बरीचशी ताकद गिळून तिची उष्णता करते आणि उरलेली थोडीशी स्पीकरला देते. आवाज तोच, करपलेल्या कडेसकट, फक्त लहान. माझ्यासारख्या माणसाला याहून सोयीचं काय असणार? पत्रकातली ओळही खरी ठरते आणि आपला आवाजही जात नाही.

तर मी पेटी निवडायला बसलो. पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर तेवढी रेंज येते. खाली शेतात विळे चालू झालेले आणि मी टाकीवर मोबाइल घेऊन. पहिलं कळलं ते ओहमचं. अॅम्पच्या मागे आठ ओहम लिहिलंय तर पेटीही आठचीच हवी. न जुळणारी जोडली, किंवा काहीच न जोडता अॅम्प पेटवला, तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मग वॅट. तीसचा डबा जोरात चालवला की तीसच्या बराच पुढे जातो, म्हणून पेटीची ताकद दुपटीच्या वर हवी. मग प्रकार. एकात नुसते रोधक, त्या स्वस्त. दुसऱ्यात तारेची वेटोळी, ती अॅम्पला खऱ्या स्पीकरसारखी वागणूक देतात, त्या जड आणि महाग. कशाचं बटण टप्प्याटप्प्यानं फिरतं, कशाचं सलग. इथपर्यंत दोन दिवस पुरले. त्यापुढचं सगळं मी मुद्दाम लांबवलं. कुणीतरी लिहिलं होतं की स्वस्त पेटीत आवाज फार खाली आणला तर त्यावर गोधडी टाकल्यासारखं वाटतं, वरचे सूर दबतात. या गोधडीची मला फार काळजी लागली. मी चित्रफिती बघत सुटलो. कान लावून फरक शोधत सुटलो. पंधराचे वीस झाले, विसाचे तीस, भात कापून पडायला लागलं, आणि पेटी येईपर्यंत डबा मात्र रोज सातवर. निवड चालू आहे ना, मग झालं! मिरवणूकवाले दर वर्षी मला हेच सांगायचे: पुढच्या वर्षी बघू भाऊ, कमिटीत विषय घेतलाय. त्यावर मी एक अख्खं पत्रक काढलं होतं. ‘चर्चा नको, बटण फिरवा.’

ती दुपार.

चांगुणाकाकीच्या वरच्या खाचरात तांबडं भात होतं. हळवं, लवकर तयार होणारं, ठेंगणं. आमच्या पाड्यात ते फक्त तिच्याकडे उरलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिच्या हातात दिलेलं बी, ते ती दर वर्षी वेगळं पेरायची, वेगळं कापायची, वेगळं झोडायची. कुणाला लवकरचं भात हवं असलं की तिच्याकडून मापभर न्यायचं आणि पुढल्या कापणीला मापभर आणून द्यायचं. त्या दिवशी ते कापून, मुठी ओळीनं आडव्या टाकून, वाळत पडलेलं होतं. बाकी सगळे नदीकडच्या शेतात. वरच्या खाचरात ती एकटी. आणि तीन घरांत मिळून असलेली ताडपत्री आमच्या ओटीवर, माझ्या पाठीमागे, गुंडाळून ठेवलेली.

तीनच्या सुमाराला नाणेघाटाकडून काळं आलं. मला ते दारातून दिसलं नाही, कारण माझं तोंड डब्याकडे होतं. त्या दिवशी मी तो नऊवर नेला होता. पेटीची तुलना करायची तर मूळ आवाज कानात पक्का बसायला हवा, असं कारण मी स्वतःला दिलं होतं. मध्ये एकदा तार लावायला थांबलो तेव्हा लांबून काहीतरी आल्यासारखं वाटलं. टिटवी असेल म्हणालो. उठून दारापर्यंत गेलो नाही. दार सात पावलांवर होतं.

वीज गेली तेव्हा मी थांबलो. बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता.

ताडपत्री घेऊन मी खाली पोचलो तोवर काकीनं जमेल तेवढे भारे उचलून बांधावर नेले होते आणि उरलेलं पाण्यात तरंगत होतं. सगळे धावत आले होते. मग चार घरं पलीकडची शांतावहिनी भिजल्या पदरानं तोंड पुसत म्हणाली, “हाळीला कोण व्हतं आज?”

माझी आई माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकी खाली वाकलेलीच बोलली. माझ्याकडे न बघता.

“निल्या मुरबाडला गेलता पत्रकं घेऊन. आत्ता आलाय. व्हय ना रे?”

मी म्हणालो, “हो.”

एवढंच. एक अक्षर. मोठमोठ्यांना भर चौकात जाब विचारणारा मी, माझ्याकडून जाब असा निघाला. वर ओटीवर माझं गिटार जमिनीवर तसंच पडलेलं होतं. आईनं रात्री ते उचलून खुंटीला लावलं. आईला माहीत होतं, हे मला तेव्हाही कळलं. बाकी कुणाला माहीत नाही असं मी धरून चाललो.

पाऊस तीन दिवस पडला. मग ऊन आलं आणि काकीनं मला बोलावून तळहात पुढे केला. लोंबीतल्या दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते, बारीक, किड्यांच्या पायांसारखे. “बघ. आता खाया नाय आन् पेराया पण नाय,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. रागाशी कसं वागायचं ते मला येतं.

आणि त्या आठवड्यात मी काय केलं? मी पत्रक काढलं. अवकाळी पावसानं झालेल्या नुकसानीचे पंचनामे झालेच पाहिजेत. मागणी रास्तच होती, आजही आहे. मथळा माझा: ‘जबाबदार कोण?’ आत एका परिच्छेदात एका वृद्ध शेतकरी बाईचं जपलेलं बियाणं कसं मातीमोल झालं ते लिहिलं. चांगलं उतरलं होतं. स्टँडवर एका मास्तरांनी वाचून माझा खांदा दाबला आणि म्हणाले, “डोळ्यांत पाणी आलं रे.” मी त्यांना धन्यवाद म्हणालो.

पेटी शेवटी मार्गशीर्षात आली. ती निवडायला दहा मिनिटं लागली. रूपेशनं निवडली. “आठ ओहम, शंभर वॅट, टप्प्याचं बटण. बस्स. एवढं खूप झालं तुझ्या डब्याला.”

“गोधडीसारखा नाही ना वाटणार?”

“थोडा वाटंल. मंग?”

“एवढं सोपं होतं तर आधी का नाही बोललास?”

“तू विचारलंस कधी? तू नुसता सांगत होतास, ह्यात हे नाय, त्यात ते नाय. मला वाटलं तुला घ्यायचीच नाय.”

तो रविवारी पेटी घेऊन आला. आम्ही ठरवलं की किती टप्पे खाली आणल्यावर शेतात आवाज येत नाही ते बघायचं. तो ओटीवर वाजवणार, आधी पेटी बंद ठेवून, मूळ आवाजात, मग एकेक टप्पा उतरत. मी खाली जाऊन उभा राहणार. मी सहज काकीच्या वरच्या खाचराच्या बांधावर गेलो. जागा मोकळी होती, एवढंच कारण.

रूपेशनं वाजवायला सुरुवात केली आणि मला सगळं ऐकू आलं. नुसता गोंगाट नव्हे, सूरन् सूर. तो एका ठिकाणी चुकला ते कळलं. चुकून हसला असणार तेही कळलं. डब्याचं तोंड दाराकडे, दार उताराकडे, आणि मधे आडवं काहीच नाही. दोन वर्षं मी त्या डब्याजवळ बसून वाजवत होतो. लांबून तो कसा लागतो हे मी एकदाही ऐकलं नव्हतं.

मी हाळी मारली. “रूप्या रेऽऽऽ!” तो थांबला नाही. दुसऱ्यांदा मारली, पोटातून. तिसऱ्यांदा घसा फाटला. वरून सूर येतच राहिले, मजेत, आपल्याच नादात. आणि तेव्हा, घसा धरून त्या बांधावर उभं असताना, मला ते कळलं जे तिथे उभ्या असलेल्या कुणालाही पहिल्या क्षणी कळलं असतं. मी घरात आहे हे काकीला माहीत होतं. ती भिजत्या भाताशेजारी उभी राहून हाळ्या मारत होती आणि माझं वाजवणं ऐकत होती. मुरबाडला गेलता, हे तिनं सगळ्यांसमोर मला काढून दिलं होतं, बुडणाऱ्याला काठी द्यावी तसं. आणि मी ती काठी घेऊन, वर येऊन, कोरडे कपडे घालून निघून गेलो.

रूपेश टप्पे उतरत गेला. चौथ्या टप्प्यावर आवाज गेला. शेतात खोडक्या, दोन बगळे आणि मी. मी तिथेच बसलो. थोड्या वेळानं तो दारात येऊन हात हलवून विचारू लागला, काय, झालं का? मी हात वर केला.

त्यानंतर काकीचं माझ्याशी वागणं काही बदललं नाही, असं मी म्हणू शकलो असतो तर किती बरं झालं असतं. बदललं फक्त एक. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत माझ्या लक्षात आलं. ती खालून हाळी मारायची ती शांतावहिनीच्या घराला, जे आमच्यापुढे आणखी चार घरं लांब आहे. त्यासाठी तिला जास्त जोर लावावा लागायचा. बाकी सुकटीची चटणी केली की वाटी यायची, दारातून जाताना थट्टाही व्हायची. फक्त हाळीत माझं नाव येत नव्हतं.

त्याआधी जेठात तिच्याबरोबर मी खर्डीला गेलो होतो. तिची बहीण तिकडे दिलेली, तिच्याकडे तेच तांबडं बी थोडं उरल्याचं कळलं होतं. काकीला एकटीला गाड्या बदलत जायचा धीर नव्हता. एसटीनं शहापूर, मग आसनगावहून पुढे. जाताना ठरवलं होतं, आज सांगायचं. येताना खर्डीच्या फलाटावर आम्ही बाकड्यावर बसलो होतो. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं बी, तान्ह्या पोराला धरावं तसं दोन्ही हातांत. “ह्ये एवढंच हाय आता,” ती म्हणाली. “ह्याचं पुढल्या सालाला बी झालं तर झालं. बहिनीकडं पन संपलं.” मी म्हणालो, “काकी...” ती म्हणाली, “काय रे?” मी म्हणालो, “पाणी आणू का?” आणि पाणी आणलं.

ते बी यंदा तिनं त्याच वरच्या खाचराच्या एका कोपऱ्यात लावलं. अंगणाएवढा तुकडा. परवा कापलं.

परवा मला हाळीला कुणी बसवलेलं नव्हतं. हातावर विळा लागला म्हणून मी दुपारी वर आलो होतो. ओटीवर बसलो होतो. डबा बंद होता, त्याच्या शेजारी पेटी. हल्ली तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर वाजवतो, तेही कापणी नसताना. गोधडी टाकल्यासारखा वाटतो खरा. चालतं. नाणेघाटाच्या बाजूनं ढग उतरायला लागले आणि हवा एकदम गार झाली. मी ऐकत होतो. कुणी सांगितलेलं नसताना, गेले कित्येक दिवस मी ऐकतच असतो.

मग आली. “शांते गोऽऽऽ! शांतेऽऽऽ!”

शांतावहिनी टोकावड्याला बाजाराला गेली होती. हे मला माहीत होतं, काकीला नव्हतं. मी उलट हाळी दिली नाही, द्यायचा हक्क वाटला नाही. ताडपत्री खांद्यावर टाकली आणि उतारावरून पळत सुटलो.

मला बघून काकी थबकली. हातात भाताची मूठ तशीच.

“तुला कुठं हाळी मारली मी?”

“नाय मारलीस.”

“मंग?”

“आयकू आली.”

तिनं आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “मंग उभा काय ऱ्हातोस? मुठी उचल. बांधाशी रच, लोंब्या आत.”

आम्ही उचललं. अंगणाएवढा तर तुकडा. रचून झालं आणि पहिले थेंब पडायला लागले. ताडपत्री उलगडली, तिनं एका बाजूला दगड ठेवायला घेतले, मी दुसरं टोक धरून उकिडवा बसलो. प्लास्टिकवर पावसाचा आवाज एवढा होता की मला ओरडून बोलावं लागलं, आणि ते वाक्य असं ओरडून बोलावं लागेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

“काकी, गेल्या साली मी मुरबाडला नव्हतो गेलो! घरीच होतो!”

ती दगड ठेवत होती. एक ठेवला, हलवून बघितला, दुसरा उचलला.

“ठावं हाय,” ती म्हणाली. “वाजवत व्हतास.”

मला वाटलं आणखी काही म्हणेल. पावसानं तिच्या कपाळावरचे केस चिकटले होते. तिनं दुसरा दगड ठेवला आणि माझ्या हातांकडे बघितलं.

“टोक सोडू नको. वारा हाय.”